सैमुरी ऊद आणि सुगंधाचे ग्रंथ

तेराव्या शतकातला अरबी लेखक झकरिया कझविनी याने ‘आसार-उल-बिलाद’ या ग्रंथात देशोदेशीच्या शहरांच्या नोंदी केल्या आहेत. त्यात हिंदमधल्या सैमूर शहराची एक छोटी नोंद आहे. तिथले लोक देखणे आहेत. मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी आणि अग्निपूजक तिथे राहतात. आणि ‘सैमुरी’ ऊद म्हणून जो ऊद ओळखला जातो त्याला हे नाव या शहरावरून मिळाले, असे तो लिहितो. ही माहिती त्याची स्वतःची नव्हे. दहाव्या शतकातला प्रवासी अबू दुलफ मिसअर बिन मुहलहिल याच्याकडून त्याने ती घेतली आहे.

हे सैमूर म्हणजे आपले चौल. अलिबागहून रेवदंड्याला जाताना नारळी-पोफळीच्या वाड्यांतून लागणारे चौल. कान्हेरीच्या शिलालेखांत ते ‘चेमूल’ आहे, ग्रीक लेखकांत ‘सेमुल्ला’ किंवा ‘सिमुल्ला’ आहे आणि अरबांच्या तोंडी ‘सैमूर’. अरबीत ‘च’ नाही, म्हणून त्याचा ‘स’ झाला. अरबांच्या अत्तराच्या पेटीत ज्या चौलचे नाव एका उंची मालावर चिकटलेले होते, त्याच चौलच्या आसपासच्या शाळांतल्या मुलांना आज विचारले तर ती सांगतात, ऊद अरबस्तानातून येतो. त्यांचा काय दोष? कुणाचे अब्बा कुवेतला आहेत, कुणाचे मामू जेद्दाहला. सुट्टीवर येताना बॅगेत बखूरची डबी आणि ऊदच्या तेलाची सोनेरी टोपणाची कुपी असतेच. दुसरीकडे मराठी शाळेतला मुलगा अत्तर म्हटले की ‘ते मुसलमानांचे’ आणि उटणे म्हटले की ‘ते आमचे’ अशी वाटणी मनात करून बसलेला असतो. या दोन्ही समजुती पुस्तकांपुढे टिकत नाहीत. ती पुस्तके कोणती आणि त्यांत काय आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी ऊदाचेच पाहू. ऊद हा झाडाचा साधा लाकूडफाटा नाही. आसाम, सिल्हेट, कंबोडिया, चंपा या भागांत अगरूची झाडे आहेत. निरोगी झाडाच्या लाकडाला विशेष वास नसतो. झाडाला जखम झाली, बुरशी शिरली, की ते तिच्याशी झगडताना काळसर राळ साठवते. ती राळ मुरलेले लाकूड म्हणजे अगरू, आणि अरबीत ‘ऊद’. ऊद या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘लाकूड’. कोकणात हे झाड वाढत नाही, हे अबू दुलफलाही ठाऊक होते. सैमुरी ऊद सैमूरला पिकत नाही, तिथे आणला जातो, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पूर्वेकडचा माल चौलच्या बाजारात उतरत असे, तिथे त्याची पारख आणि खरेदी होत असे, आणि मग तो सिराफ, बसरा, बगदादकडे जात असे. बाजाराचे नाव मालाला लागले. मोचा बंदरावरून कॉफीला नाव पडले, तसेच हे. अबू दुलफच्या प्रवासातल्या काही मजला अभ्यासकांना संशयास्पद वाटतात, आणि तो संशय रास्तही आहे. पण एका लाकडाच्या नावाबद्दल खोटे सांगून त्याला काय मिळणार होते?

चौलमध्ये हा व्यापार करणारी माणसे कोण होती? त्यासाठी मसऊदीकडे जावे लागते. अबुल हसन अल-मसऊदी हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये स्वतः सैमूरला आला होता. राष्ट्रकूटांचा अंमल होता, त्यांना तो ‘बल्हरा’ म्हणतो. स्थानिक राजाचे नाव तो ‘झंज’ देतो. तो शिलाहार घराण्यातला झंझ. मसऊदीच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले होते आणि ‘बयासिरा’ही होते. बयासिरा म्हणजे हिंदमध्येच जन्मलेले मुसलमान. त्यांचा एक प्रमुख असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत आणि आपल्या लोकांचे तंटे तो सोडवत असे. त्याची नेमणूक राजाकडून होई. आपण किनाऱ्यावरचे मुसलमान कुठून आलो, केव्हा आलो, याबद्दल आपल्याकडे घरोघरी निरनिराळ्या कथा सांगतात. मसऊदीची ही दोन-तीन वाक्ये त्या सगळ्या कथांपेक्षा मोलाची आहेत. हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चौलला मुसलमान होते, ते तलवार घेऊन आलेले नव्हते, आणि एका हिंदू राजाच्या राज्यात त्यांचा बाजार भरत होता. त्या बाजारात ऊद होता.

हा सगळा मजकूर उर्दूत वाचायचा असेल तर सय्यद सुलेमान नदवी यांचे ‘अरब व हिंद के तअल्लुकात’ हे पुस्तक अजूनही पहिले वाचावे असे आहे. अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकॅडमीत त्यांनी १९२९ मध्ये दिलेली व्याख्याने १९३० मध्ये पुस्तकरूपाने आली. नदवी साहेब मौलाना होते, पण अरब जहाजांच्या हिशेबाबद्दल लिहिताना ते एखाद्या दलालासारखे बारकाईने लिहितात. कुरआनमधल्या तीन शब्दांबद्दल त्यांनी लिहिलेले तर प्रत्येकाने वाचावे: मिस्क, काफूर आणि जंजबील. कस्तुरी, कापूर आणि सुंठ. काफूर व जंजबील सूरह दहरमध्ये येतात, मिस्क सूरह मुतफ्फिफीनमध्ये. तिन्ही वस्तू जन्नतच्या वर्णनात आहेत आणि तिन्ही शब्दांचा माग नदवी हिंदुस्तानापर्यंत नेतात. अत्तर ‘तिकडचे’ आणि आपण ‘इकडचे’ असे मानणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी या पानावर थोडे थांबावे.

शब्दांचा प्रवास उलटही झाला. मराठीत आज ऊद म्हणजे अगरू नव्हे. आपण ज्याला ऊद म्हणतो, बाळंतिणीच्या खोलीत ज्याची धुरी देतात, ती एका वेगळ्याच झाडाची राळ आहे. अरब व्यापारी तिला ‘लुबान जावी’, जावाकडचा लोबान म्हणत. युरोपियांनी त्याचे ‘बेंझॉइन’ केले. मराठीने अरबीतला लाकडाचा शब्द उचलला आणि राळेला लावला. त्याच ऊदाची बत्ती केली ती उदबत्ती. देवघरात रोज उदबत्ती लावणाऱ्या आजीला हा शब्द अर्धा अरबी आहे हे सांगितले तर ती हसेल, पण लावायची थांबणार नाही. ‘गुलाब’चेही तसेच. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचे पाणी. मराठीत पाण्याचे नाव फुलाला गेले, मग पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ असा दोनदा पाणी असलेला शब्द करावा लागला. पंढरपूरच्या वारीतला अबीरसुद्धा अरबीतला ‘अबीर’. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणासाठी तो अरबांचा जुना शब्द. चोखोबांच्या नावावर असलेल्या अभंगापर्यंत तो पोचला. घाटावरच्या आठवडी बाजारात अत्तार बसतो. त्याच्या पुढ्यात अत्तराच्या कुप्या असतात, सुरमा असतो, आणि त्याच पाटीत कुंकू, बुक्का, अष्टगंधही असते. विकणारा मुसलमान, कपाळ विठोबाच्या भक्ताचे. यात कुणाला कधी वावगे वाटले नाही.

आता संस्कृत परंपरेकडे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ नावाचा एक अध्याय आहे. केस काळे करण्याचा लेप, दातवणाचे सुगंध, केसांचे तेल, धूप असे सगळे त्यात येते. पण मला शिक्षक म्हणून त्यातला गणिताचा भाग आवडतो. वराहमिहिर सोळा सुगंधी द्रव्यांचा गट देतो आणि सांगतो की त्यांतली कोणतीही चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात. नववी-दहावीच्या मुलांना वहीत पडताळून पाहता येते: १६ × १५ × १४ × १३ भागिले २४, उत्तर बरोबर १८२०. आणि त्या चार द्रव्यांना एक, दोन, तीन, चार भाग असे प्रमाण द्यायचे ठरवले तर प्रत्येक चौकडीची २४ मिश्रणे होतात, म्हणजे एकूण ४३,६८०. क्रमचय आणि संचय शिकवायला लाल-निळे चेंडू कशाला हवेत? त्या सोळा द्रव्यांत नागरमोथा, वाळा, दगडफूल, कचोरा, धने, कापूर, चंदन, अगरू अशी नावे आहेत. दिवाळीच्या उटण्याची पुडी उघडून वास घ्या, निम्मी यादी तिथेच सापडेल.

त्याच यादीत ‘नख’ आहे. हे द्रव्य समुद्राचे, म्हणून आपल्या किनाऱ्याने त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. समुद्रातल्या काही गोगलगायींच्या शिंपल्याच्या तोंडाला एक झाकण असते. जीव आत गेला की झाकण बंद. हे झाकण वाळल्यावर नखासारखे दिसते. मराठीत त्याला नखला म्हणतात. एकटे जाळले तर वास नकोसा होतो. पण धुऊन, भाजून, दुसऱ्या द्रव्यांत मिसळले की ते सुगंध धरून ठेवते, लवकर उडू देत नाही. अरबीत याच वस्तूला ‘अजफार-उत-तीब’ म्हणतात. अर्थ? सुगंधाची नखे. दोन भाषांनी एकच प्रतिमा स्वतंत्रपणे शोधली की एकीने दुसरीकडून घेतली, हे ठरवणे अवघड आहे. पण एवढे नक्की की संस्कृत गंधी आणि अरब अत्तार एकाच वस्तूकडे पाहून एकच गोष्ट म्हणत होते.

अरबीतला या विषयावरचा जुना आणि मोठा ग्रंथ अल-किंदीचा. नवव्या शतकातला हा बगदादचा तत्त्वज्ञ. त्याचे ‘किताब कीमिया-अल-इत्र वत-तसईदात’, म्हणजे अत्तराचे रसायन आणि ऊर्ध्वपातन, हे पुस्तक कार्ल गार्बर्सने १९४८ मध्ये जर्मन भाषांतरासह छापले. त्यात १०७ कृती आहेत. गंमत अशी की बऱ्याच कृती नकली माल बनवण्याच्या आहेत: कस्तुरीसारखी कस्तुरी, अंबरसारखा अंबर, केशरासारखे केशर. तत्त्वज्ञाने भेसळ शिकवावी? मला वाटते, त्याचा रोख दुहेरी असावा. महाग वस्तूचा स्वस्त पर्याय हवाच असतो, आणि नकली कसे करतात हे कळल्याशिवाय अस्सल ओळखता येत नाही. आज बाजारात ‘शमामा’ किंवा ‘ऊद’ म्हणून ज्या कुप्या मिळतात त्यांतल्या बहुतेक कारखान्यातल्या रसायनांच्या असतात. अल-किंदीला त्याचे आश्चर्य वाटले नसते.

अत्तराचा उगम नूरजहाँपासून झाला ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकी ज्ञानात घट्ट बसली आहे. जहांगीरने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिले आहे की गुलाबाचे अत्तर नूरजहाँच्या आईने, अस्मत बेगमने, काढले. गरम गुलाबपाणी थाळ्यात ओतल्यावर वर जो तेलकट तवंग येतो तो तिने थोडा थोडा गोळा केला. त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ नाव मिळाले आणि बेगमला मोत्यांची माळ. लेकीच्या प्रसिद्धीत आईचे श्रेय बुडाले.

त्याच्या आधीच्या पिढीत अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या खुशबूखान्याचे वर्णन केले आहे. द्रव्ये, भाव, फुलांची नावे, सर्व काही. त्यातली ‘चुवा’ काढण्याची रीत वाचण्यासारखी आहे. अगरूचे तुकडे अरुंद तोंडाच्या भांड्यात भरायचे. भांड्याला बाहेरून माती, कापूस आणि तांदळाचा कोंडा यांचा लेप द्यायचा. मग ते तिवईवर उलटे ठेवायचे, तोंड खाली पाण्याच्या भांड्याला टेकलेले, आणि वरून शेणींची मंद आच. लाकडातले तेल वर न चढता खाली पाण्यात ठिबकते. आपले वैद्य गजकर्णासाठी नारळाच्या करवंटीचे तेल पातालयंत्राने काढतात, ते याच तत्त्वावर. जुन्या मराठीत ‘चोवा-चंदन’ अशी जोडी येते. तो चोवा हाच. कनौजला आजही देग आणि भपका चालतो, त्याची रीत उलट: तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, भपका गार पाण्यात, आणि भपक्यात चंदनाचे तेल वास पिऊन घ्यायला तयार.

आपल्या दख्खनचे काय? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांत विलेपन आणि धूप यांना स्वतंत्र जागा आहे. मांडूच्या गियास शाहचा ‘नेअमतनामा’ मुख्यतः स्वयंपाकाचा, पण त्यातही अत्तरांच्या कृती शिरल्या आहेत. नोरा टिटलेचे इंग्रजी भाषांतर २००५ मध्ये आले. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी (१५८०-१६२७) निजामुद्दीन महमूद याने ‘इत्र-ए-नौरस शाही’ हा फारसी ग्रंथ लिहिला. संगीत, शहर, नाणी, सगळ्यांना ‘नौरस’ हे नाव देणाऱ्या सुलतानाने अत्तरालाही तेच दिले. या ग्रंथापर्यंत पोचायचे असेल तर अली अकबर हुसेन यांचे ‘सेंट इन द इस्लामिक गार्डन’ (कराची, २०००) वाचावे. दखनी कवी नुसरतीच्या ‘गुलशन-ए-इश्क’मधल्या बागांपासून ते निघतात आणि अत्तराच्या कृतींपर्यंत येतात. बागेतल्या फुलांची नावे चाफा, मोगरा, शेवंती, केवडा. इराणी गुलाबाच्या शेजारी आपली फुले. जेम्स मॅकह्यू यांचे ‘सँडलवुड अँड कॅरियन’ (२०१२) संस्कृत बाजूसाठी उत्तम. दोन्ही पुस्तके महाग आहेत. तालुक्याच्या वाचनालयात मागणी नोंदवावी. एकट्या मास्तराच्या पगारात ती बसत नाहीत.

आणि आता ज्या माणसासाठी हा लेख इतका लांबला, ते परशुराम कृष्ण गोडे. जन्म १८९१, देवरुखचा, म्हणजे कोकणातलेच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ पासून त्यांनी हस्तलिखितांची राखण केली. नुसती राखण नव्हे. जगभरच्या अभ्यासकांना ते पत्रे लिहीत आणि शेकडो निबंध त्यांनी लिहिले. गुलाबपाणी, सुगंधी द्रव्ये, सौंदर्यप्रसाधने हा त्यांचा आवडता प्रांत. १९४० च्या दशकात त्यांनी संस्थेतल्या एका हस्तलिखिताकडे लक्ष वेधले. त्यात दोन ग्रंथ होते: गंगाधराचा ‘गंधसार’, आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’. या दुसऱ्या ग्रंथावर मराठी टीका आहे. गोड्यांच्या मते हे लेखन सोळाव्या शतकानंतरचे नाही.

मराठी टीका! वेदान्तावर मराठी टीका आपल्याला नवी नाही. पण सुगंधाच्या शास्त्रावर चारशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणी मराठीत टीका लिहितो, याचा अर्थ ती वाचणारा किंवा ऐकणारा कारागीर असला पाहिजे. पंडिताला मराठीची गरज नव्हती. भट्टीपुढे बसणाऱ्याला होती. गंगाधराने सुगंध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भिजवणे, शिजवणे, जागवणे, भेदणे, धुरी देणे, वासात ठेवणे. ‘बोध’ आणि ‘वेध’ हे शब्द साधनेचे वाटतात, पण इथे ते चूर्णाच्या वाटीत घडतात. त्याच्या कृतींत सुगंधी पाणी, मुखवास, तेल, उटणे, धूप आहेत आणि शेवटी द्रव्यांचा निघंटू व पारख. गोड्यांचे हे निबंध ‘स्टडीज इन इंडियन कल्चरल हिस्टरी’च्या पहिल्या खंडात १९६१ मध्ये एकत्र आले, त्याच वर्षी ते वारले. मूळ दोन्ही ग्रंथ, मराठी टीकेसह, रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित करून १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध केले.

चौलला ‘हमामखाना’ म्हणून ओळखली जाणारी पडकी वास्तू आहे. पर्यटक तिचा फोटो घेतात आणि रामेश्वराकडे जातात. हमाम म्हणजे नुसती आंघोळ नव्हे. त्यात तेल, उटणे, मेंदी, धुरी, अत्तर हे सगळे ओघाने आले. हे सामान पुरवणारा कुणी तरी गावातच असणार. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट इथल्या सिंहदत्त नावाच्या ‘गंधिका’ने, म्हणजे सुगंध विकणाऱ्याने, दान दिल्याचा लेख आहे. राजपुरी खाडीजवळच्या कुडा लेण्यात माळ्याच्या दानाचा. दोन हजार वर्षांपूर्वी फुले आणि गंध विकून लेणे कोरण्याइतके पैसे या मुलखात मिळत होते.

एका वस्तूबद्दल मात्र इशारा द्यायला हवा, कारण तिच्यापायी आपल्या किनाऱ्यावरची तरुण पोरे तुरुंगात जातात. अंबर. वर्तमानपत्रे तिला ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात. उलटी हा शब्दही बरोबर नाही. स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती ती तयार होते. मसऊदीनेही अंबर आणि देवमासा यांचा संबंध नोंदवला आहे. त्या काळी ज्याला सापडला त्याचा तो. आज वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अंबर बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. कोटींचे आकडे सांगून कुणी दलाल आला तर त्याला वाट दाखवावी.

माझ्या मनात एक साधा उपक्रम आहे, तो कोणत्याही शाळेला करता येईल. गंधसारातला निघंटू आणि अल-किंदीची द्रव्ये शेजारी शेजारी फळ्यावर लिहायची. चंदन, संदल. अगरू, ऊद. कापूर, काफूर. कस्तुरी, मिस्क. केशर, जाफरान. नखला, अजफार. मराठी शाळेच्या मुलांनी डावा रकाना भरावा, उर्दूच्या मुलांनी उजवा. केवड्यापाशी उर्दूची मुले अडतील, कारण उर्दूतही तो केवडाच. अरबीत त्याला ‘काधी’ म्हणतात. तो लिहून झाला की दोन्ही वर्गांना घेऊन खाडीकाठी जावे. केवड्याचे बन तिथे अजून उभे आहे.